डायनॅमो पूजेला ठेवा, ट्रॅक्टरला नको

मंडळी, गेला दीड महिना आमच्या कुटुंबात एका लोखंडी नळकांड्यावरून भांडण चालू आहे. वीत-दीड वीत लांबीचे हे नळकांडे म्हणजे आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो. तो तसाच ठेवायचा की काढून अल्टरनेटर बसवायचा, एवढाच प्रश्न आहे. पण कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्यावर जेवढे लिहून झाले, तेवढे आमच्या वाटण्यांच्या वेळीसुद्धा बोलून झाले नव्हते. गटावर मी गप्प राहिलो. मला अंगठ्याने लिहिता येत नाही, आणि शिक्षकाला तुकड्यातुकड्यांत बोलणे जमत नाही. म्हणून माझे म्हणणे इथे एकदाच आणि सविस्तर मांडतो. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ द्या.

आधी ट्रॅक्टरविषयी. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, 1974 साली कर्ज काढून इंटरनॅशनल बी-275 घेतला. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी 1963 साली मिळून काढलेल्या कंपनीचा हा ट्रॅक्टर. मूळ रचना ब्रिटनमधली, पण आमचा झाला मुंबईला, कांदिवलीच्या कारखान्यात. चार सिलिंडर, पस्तीस अश्वशक्ती. गावातला तो तिसरा ट्रॅक्टर. दादा 2016 साली गेले. त्याच्या आधीच काही वर्षे ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा होता, आणि त्याच्या आसनावर कोंबड्या बसत होत्या.

आता थोरल्या पुतण्याने तो दुरुस्त करायला घेतला आहे. तो पुण्यात नोकरीला, हौशी आणि खर्चाला मागेपुढे न पाहणारा. इंजिन उतरवून झाले, नवे पिस्टन-लायनर बसले, रंग देऊन झाला. हे सगळे उत्तमच झाले. पण विजेचे काम निघाले आणि त्याने फर्मान काढले, की सगळे मूळचे तसेच राहिले पाहिजे. डायनॅमो रिवाइंड करून घ्या, कटआउटचा डबा तोच ठेवा. "दादांच्या हाताचं आहे ते," असे त्याने लिहिले आणि अमेरिकेतल्या भाचीने त्याखाली डोळ्यांत पाणी आलेली चित्रे पाठवली. धाकटा पुतण्या, जो गावात राहून शेती करतो आणि जो उद्या या ट्रॅक्टरवर बसणार आहे, त्याने काहीच लिहिले नाही. मी गावी गेलो तेव्हा त्याला खोदून विचारले. तो म्हणाला, "काका, उभ्या गाडीत दिवा लागला म्हंजे बास. बाकी तुमी ठरवा."

त्याचे हे एक वाक्य म्हणजे सगळ्या वादाचा निकाल आहे, असे माझे मत आहे. ते का, ते सांगतो.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विजेचे आणि माझे नाते बटण दाबण्यापुरते. त्यामुळे तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात स्टुलावर बसून दोन दुपारी हा विषय शिकून घेतला. पहिली अडचण भाषेचीच. आमच्याकडे अल्टरनेटरलाही सरसकट डायनॅमोच म्हणतात. मिस्त्री म्हणाला, "जुना डायनॅमो काढून नवा डायनॅमो टाकू." अर्धा वाद तर या एका शब्दाने लांबवला आहे, कारण पुण्याला वाटले की नवा म्हणजे तसाच दुसरा.

दोन्हींचे काम एकच. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचे, वीज तयार करायची आणि बॅटरी भरायची. फरक आहे तो वीज कुठे तयार होते यात. डायनॅमोत ती आत फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि तांब्याच्या कम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर येते. म्हणजे तयार झालेली सगळी वीज त्या दोन कार्बनांमधून जाते. शिवाय आर्मेचर फार वेगाने फिरवता येत नाही, गुंडाळी उसळून बाहेर येण्याची भीती असते. अल्टरनेटरमध्ये उलटे आहे. वीज तयार होते ती बाहेरच्या, न फिरणाऱ्या गुंडाळीत. फिरतो तो चुंबक, आणि त्याच्या कार्बनांमधून चुंबक जागा ठेवण्यापुरती थोडीशी वीज जाते. म्हणून त्याला लहान पुली लावून इंजिनाच्या दुपटी-तिपटीने फिरवले तरी चालते. त्यातून निघणारी वीज मागेपुढे वाहणारी असते, ती डायोड एका दिशेला वळवतात. हे सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि भरवशाचे झाले तेव्हाच अल्टरनेटर गाड्यांत येऊ शकला. अमेरिकेत क्रायस्लरने 1960 च्या सुमारास प्रवासी गाड्यांना तो द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांपर्यंत तो पोचायला बराच काळ गेला.

आता या फरकाचा परिणाम बघा. इंजिन संथ चालू असताना, म्हणजे मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर, डायनॅमो इतका हळू फिरतो की त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो. अशा वेळी कटआउट त्याला बॅटरीपासून तोडतो, नाहीतर बॅटरीतलीच वीज उलटी डायनॅमोत जाईल. म्हणजे ट्रॅक्टर चालू, पण भरणा शून्य. दिवे लावले तर ते निव्वळ बॅटरीवर. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. संथ इंजिनावर तो लाल दिवा मिणमिणतो आणि अँपिअरचा काटा उणेकडे झुकतो. अल्टरनेटर त्याच संथ इंजिनावर थोडी का होईना वीज देत राहतो.

आता थोडे अंकगणित. शिक्षकाच्या लेखात ते यायचेच. पुढचे दोन दिवे 55 वॅटचे, म्हणजे 110. मागे कामाचा एक दिवा, 55. बाजूचे, मागचे आणि नंबरपाटीचे मिळून 25. ट्रॉलीचे दोन लाल दिवे, 10. बेरीज 200 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे साधारण 17 अँपिअर. त्या काळच्या डायनॅमोंची ताकद, प्रकारानुसार, 11 ते 22 अँपिअर, तीही इंजिन चांगल्या वेगात असताना. म्हणजे सगळे दिवे लावून नांगरट केली तर काही डायनॅमो जेमतेम पुरतात आणि काही पुरतच नाहीत. सेल्फ मारून खर्च झालेली वीज परत बॅटरीत जायची ती कुठून? साधा अल्टरनेटर 35 अँपिअर किंवा त्याहून जास्त देतो.

"पण रात्री चालवतं कोण?" असे पुण्याने विचारले. हा प्रश्न वाचून मला आमच्या घराण्याचे शेतीशी नाते किती तुटले आहे ते कळले. बाबा रे, ऊस तोडून ट्रॉलीत भरेपर्यंत संध्याकाळ होते. कारखान्यावर पोचेपर्यंत रात्र होते. मग काट्यापुढची रांग. गाडी दहा हात पुढे घ्यायची, थांबायचे, पुन्हा दहा हात. कधी चार तास, कधी रात्रभर. बॅटरी 88 अँपिअर-तासांची आहे असे धरा. निम्म्याच्या खाली ती उतरू देऊ नये म्हणतात, म्हणजे हाताशी 44. ओढ दहा अँपिअरची धरली तर चार-साडेचार तासांत आटोपले. इंजिन बंद करावे तर पुन्हा सेल्फ मारायला बॅटरी हवी. इंजिन चालू ठेवावे तर डिझेल जळते आणि संथ इंजिनावर डायनॅमो काही देत नाही. मग ड्रायव्हर काय करतो? जे सगळेच करत आले ते करतो. बॅटरी वाचवायला दिवे मालवतो.

आता जे सांगणार आहे ते पुढच्या पिढीतल्या बहुतेकांना माहीत नाही. दादांनी ते घरात बोलू दिले नाही. मलाही इतकी वर्षे बोलावेसे वाटले नाही. पण ज्या डायनॅमोच्या आठवणीने तुमचे डोळे भरून येतात, त्याची हीही एक आठवण आहे.

1989 चा जानेवारी. दादा उसाची ट्रॉली घेऊन निघाले होते. कारखान्याच्या अलीकडे रांग रस्त्यावर आली होती आणि दादांची गाडी शेवटची होती. बॅटरी आधीच अशक्त झालेली. सकाळी सेल्फ लागला नाही तर भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर ओढायला दुसरा ट्रॅक्टर शोधावा लागेल, म्हणून दादांनी दिवे बंद केले. धुके होते. मागून एक तरुण मोटारसायकलवरून आला आणि ट्रॉलीवर आदळला. तो वाचला. पण त्याचा पाय गुडघ्याखाली कायमचा अधू झाला. तो माझा विद्यार्थी होता. सातवी ब.

दादा त्याच्या घरी गेले, दवाखान्याचा खर्च दिला, पुढे दोन वर्षे त्याची शेतीही नांगरून दिली. कोणी मागितले नव्हते. त्यानंतर दादा रात्रीची गाडी घेऊन जायचे तेव्हा ट्रॉलीच्या मागे कंदील बांधायचे. बारा व्होल्टची बॅटरी, वीज तयार करणारे यंत्र, आणि त्याच्या मागे रॉकेलचा कंदील! मी एकदा त्यावर हसलो. दादा एवढेच म्हणाले, "ह्याला मशीन चालू लागत न्हाई."

तेव्हा "दादांच्या हाताचं आहे" या मुद्द्याचे मी काय उत्तर द्यावे? दादांच्या हाताचा तो कंदीलही होता. दादांना मूळचे जपण्याची हौस नव्हती, त्यांना उभ्या गाडीत जळणारा दिवा हवा होता. तो त्यांना मिळाला नाही. आता तो बाजारात मिळतो आहे, परवडतो आहे, आणि आपण तो नाकारायचा, तेही दादांच्याच नावाने! हे मला पटत नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते सगळेच फोल नाहीत.

पहिला मुद्दा, डायनॅमो दुरुस्त होतो आणि अल्टरनेटर फेकावा लागतो. यात तथ्य आहे. कार्बन बदलले, कम्युटेटर लेथवर साफ केला, गुंडाळी पुन्हा भरली, की डायनॅमो उठून उभा राहतो. त्याच्यात थोडे चुंबकत्व शिल्लक राहत असल्याने बॅटरी पार उतरली असली तरी तो वेगावर जागा होऊ शकतो. अल्टरनेटरला जागे व्हायला बॅटरीची थोडी मदत लागते. पण दुरुस्ती होते म्हणायला दुरुस्ती करणारा हवा. आमच्या तालुक्याच्या गावात आर्मेचर भरणारा एकच जण उरला आहे आणि तो माझ्या वयाचा आहे. त्याच्या मुलाने मोबाइलचे दुकान टाकले. अल्टरनेटरचे बेअरिंग, कार्बन, डायोड आणि रेग्युलेटर मात्र चार दुकानांत मिळतात.

दुसरा मुद्दा रिफ्लेक्टरचा. हंगाम आला की ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, त्या चांगल्याच आहेत. पण रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही. मागून येणाऱ्याचा दिवा त्यावर पडला तर तो दिसतो. मागच्याचा दिवा मंद असेल, किंवा रिफ्लेक्टरवर चिखल बसला असेल, तर तो असून नसल्यासारखा. रिफ्लेक्टर लावाच, पण लाल दिव्याच्या जोडीला.

तिसरा मुद्दा एलईडी दिव्यांचा. थोरल्याने तो मांडला तेव्हा खरे सांगतो, दोन दिवस मला उत्तर सुचले नाही. दिवे एलईडीचे केले तर ओढ एकदम कमी होते आणि डायनॅमो ठेवता येतो. मागचे लाल दिवे एलईडीचे करावेत हे मला पूर्ण मान्य, ते दोन्ही बाबतींत करावेत. पण त्याने मूळ दुखणे जात नाही. संथ इंजिनावर भरणा शून्य तो शून्यच राहतो. रांगेत दर वेळी सेल्फ मारून खर्च झालेली वीज परत येतच नाही. आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हरच्या मनातली धास्ती जात नाही. काटा उणेकडे दिसला की हात आपोआप बटणाकडे जातो. काटा अधिककडे दिसला तरच माणूस दिवा निर्धास्त चालू ठेवतो. शिवाय ज्याला मूळचे सगळे हवे आहे त्याने एलईडी सुचवावा, ही गंमतच. दिवा बदललेला चालतो, पण तो पेटवणारे यंत्र बदललेले चालत नाही!

आणखी एक सूचना आली, की डायनॅमोच्या आकाराचाच अल्टरनेटर मिळतो तो आणावा. असे अल्टरनेटर परदेशात जुन्या मोटारींसाठी विकले जातात हे खरे. पण गावात तो बिघडला तर त्याचे सुटे भाग कुठून आणणार? ट्रॅक्टरला वेषांतर कशाला हवे? साधा अल्टरनेटर लावा आणि तो दिसू द्या. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

चौथा मुद्दा आगीचा, आणि इथे मी मूळवाल्यांच्या बाजूने मिस्त्रींशी भांडतो. जुना काढला, नवा लावला, दोन तारा पिळल्या, की झाले, अशी कामे मी पाहिली आहेत. ती करू नयेत. ज्या जुन्या तारा वीस अँपिअरला बेताच्या होत्या, त्यांतून पस्तीस पाठवले तर त्या तापणार. जुन्या अँपिअरमीटरमधून सगळा भरणा जातो, तोही तापणार. तेव्हा अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार, मध्ये फ्यूज, आणि मीटर तेवढ्या ताकदीचा किंवा त्याऐवजी व्होल्टमीटर. कटआउट-रेग्युलेटरचा जुना डबा आता कामाचा नाही, कारण अल्टरनेटरचा रेग्युलेटर बहुधा त्याच्या आतच असतो. तो डबा तारा सोडवून जागेवर शोभेला ठेवा. लाल दिव्याची तार मात्र विसरू नका. पुष्कळ अल्टरनेटर त्या दिव्यातून येणाऱ्या विजेनेच जागे होतात.

सर्वांत आधी बॅटरीचे कोणते टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडले आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत धन टोक अंगाला जोडायची चाल होती. आताचे अल्टरनेटर सर्वसाधारणपणे ऋण टोक अंगाला असलेल्या जोडणीसाठी असतात. उलटे जोडले तर डायोड क्षणात जळतात. आमच्या ट्रॅक्टरला ऋणच निघाले, पण ते बघितल्यावर कळले. आणि धाकट्या, तुझ्यासाठी दोन गोष्टी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधी काढायची नाही. ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग करायचे तेव्हा आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवायच्या. अल्टरनेटर अशा बाबतींत डायनॅमोपेक्षा नाजूक असतो.

काही जुन्या ट्रॅक्टरांत तासमीटरची केबल डायनॅमोच्या पाठीमागूनच निघते. तिथे डायनॅमो काढला की तासमीटरही मुका होतो. तुमचा ट्रॅक्टर तसा असेल तर आधी त्याचा विचार करा.

डायनॅमो ठेवूच नये असे मी म्हणत नाही. ट्रॅक्टर प्रदर्शनात न्यायचा असेल, सणाला अंगणात चालू करून मुलांना दाखवायचा असेल, तर डायनॅमोच शोभतो. तो नीट रिवाइंड करा, बदलल्यावर त्याची दिशा बॅटरीशी जुळवून घ्या, आणि कौतुकाने फिरवा. प्रश्न यंत्राचा नाहीच. हा ट्रॅक्टर बघायचा आहे की वापरायचा आहे, हे आधी ठरवा. आमचा वापरायचा आहे. धाकटा त्यावर येत्या हंगामात ऊस नेणार आहे. खर्च थोरला करतो आहे याबद्दल त्याचे कौतुक आहे. पण पैसे देणाऱ्याने रंग निवडावा, दिवे मात्र आसनावर बसणाऱ्याने निवडावेत.

म्हणून कुटुंबातला सध्याचा वडीलधारा या नात्याने सांगतो. अल्टरनेटर बसवा. त्यासाठी मूळच्या लोखंडाला एकही नवे भोक पाडू नका, वेगळी पट्टी करून घ्या, म्हणजे उद्या कोणाला मूळ रूप परत आणायचे असेल तर वाट बंद होणार नाही. डायनॅमो साफ करून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. भंगारात घालाल तर माझ्याशी गाठ आहे.

खंडेनवमीला मी गावी येणार आहे. डायनॅमो माळ्यावरून काढून पाटावर मांडू, हळदकुंकू लावू. शेजारी तो कंदीलही ठेवायचा आहे. वहिनींनी तो जपून ठेवला आहे, हे मला परवाच कळले.